ओट्याखालची फसफस

जानेवारीत काटोलचा मित्र संत्र्यांचं अख्खं क्रेट आणून टाकतो, पहिले दोन दिवस सगळे तुटून पडतात आणि तिसऱ्या दिवशी घरात कोणी संत्र्याकडे पाहात नाही. मागच्या वर्षी अर्धं क्रेट मऊ पडून फेकलं, म्हणून यंदा म्हटलं सिरका, म्हणजे व्हिनेगर, लावू. वाईन नाही बरं का, लायसन्सशिवाय घरी दारू पाडता येत नाही, पण गंमत अशी की सिरक्याचा रस्ताही तिथूनच जातो, आधी यीस्ट साखरेचं अल्कोहोल करणार आणि मग बॅक्टेरिया त्याचं ॲसिड.

5 किलो संत्री सोलली, पांढऱ्या शिरा आणि बिया काढण्यात अख्खी दुपार गेली (एकदा बियांसकट मिक्सरमध्ये फिरवली होती, कडूजहर). रस निघाला जेमतेम दोन लिटर. लिटरमागे 17 ग्राम साखर म्हणजे साधारण 1 टक्का अल्कोहोल, त्या हिशोबानं वरून थोडी साखर टाकली, मग यीस्ट, आणि बरणीच्या तोंडाला धोतराचं फडकं. घट्ट झाकण लावायचंच नाही, गॅस जाईल कुठे.

दोन दिवस काहीच नाही! रात्री पारा दहावर, यीस्ट हलेचना. शेवटी बरणी जुन्या शालीत गुंडाळून ओट्याखाली सरकवली, वर बरोबर देवघर. आई म्हणाली, "वर बाळकृष्ण अन् खाली हे काय लावून राहिला तू?"

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला गेलो तर खालून बारीक फसफस ऐकू आली. फडकं काढलं तर गर सगळा वर येऊन त्याची जाड साय झालेली, मधोमध भेग आणि भेगेतून एकामागून एक बुडबुडे. वाकून वास घेतला अन् नाकात असा झणका बसला की डोळ्यात पाणी. हा गर दिवसातून दोनदा खाली दाबायचा, नाहीतर वर कोरडा पडून बुरशी धरतो, काम म्हणाल तर एवढंच. कठीण आहे ते बाकीचा वेळ हात न लावणं. मी तर ऑफिसातून फोन करून विचारत होतो, आवाज चालू आहे ना?

मे महिन्यात हा उद्योग करू नये, 45 डिग्रीत यीस्ट आधी चेकाळतं आणि मग मरतं.

सहाव्या दिवशी सगळं शांत. आता गाळून, थोडा जुना सिरका घालून महिना-दोन महिने नुसतं ठेवायचंय. काल गाळताना आईनं चमचाभर चाखून पाह्यलं, मग अजून एक चमचा, अन् म्हणते, "काहून रे, इतक्यातच थांबवलं तर नाही चालत का?"