जी साक्ष मी दिली नाही

ज्या प्रकरणात आपणच साक्षीदार होण्याचा संभव आहे, ते वकिलाने घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. आणि घेतल्यानंतर ते ध्यानात आले, तर अशिलाच्या हिताला बाधा न येता बाजूला होता येत असेल तर व्हावे. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करताना या नियमाशी माझा कधी संबंध आला नव्हता. तो आला, तो माझ्या पतींच्या खटल्यात.

माझे पती सैन्यात हवालदार. गार्डवर असताना त्यांच्या नावावर कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, निघालेल्या रायफलीच्या गोळीने त्यांच्याच तुकडीतला एक जवान मेला. मारला गेलेला माणूसही सैन्यातलाच असला, तर १९५० च्या आर्मी ॲक्टच्या कलम ६९ खाली खुनाचा खटला कोर्ट मार्शलपुढे चालू शकतो, हे आमच्या बाररूममधल्या अनेकांना ठाऊक नव्हते. जनरल कोर्ट मार्शलमध्ये निकाल देणारे किमान पाच अधिकारी असतात, ते कायदा शिकलेले असतीलच असे नाही. कायदा सांगायला जज ॲडव्होकेट असतो, पण त्याला मत नसते. मत सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून घेत जातात, म्हणजे वरिष्ठाचे दडपण येऊ नये. ही पद्धत मला मनापासून आवडली.

आरोपपत्रासोबत समरी ऑफ एव्हिडन्सची, म्हणजे खटल्याआधी नोंदलेल्या साक्षींची, प्रत मिळाली आणि ती कोर्ट नाक्यावरच्या ऑफिसात वाचताना मी थांबले. गार्डरूमच्या रजिस्टरात गोळीची वेळ २३१०, म्हणजे रात्रीचे अकरा दहा, लिहिली होती. त्या रात्री पतींनी मला फोन केला होता. बोलता बोलता पलीकडे एक आवाज झाला, ते क्षणभर गप्प झाले, ‘थांब जरा’ म्हणाले, आणि थोड्या वेळाने फोन बंद झाला. दार आपटले असेल, असे मी तेव्हा समजले होते.

गार्डवर मोबाइल वापरणे हाच गुन्हा, आणि रायफल रॅकला ठेवून गार्डरूमच्या मागे जाणे त्याहून मोठा. म्हणून चौकशीत त्यांनी फोनचे नावच काढले नव्हते. कंपनीकडून मागवलेल्या कॉल रेकॉर्डमध्ये फोन २३१२ ते २३२० असा दिसत होता. रजिस्टर खरे धरले, तर त्याचा अर्थ एकच निघत होता, की माणूस मारून दोन मिनिटांनी त्यांनी बायकोला फोन लावला.

माझे सीनियर म्हणाले, “वकीलपत्र सोड आणि साक्ष दे. नाहीतर ते फिर्यादीला आयते कोलीत मिळेल.” पती भेटीत म्हणाले, “तू पिंजऱ्यात उभी राहिलीस तर बायको बोलतेय एवढंच ऐकतील. तू उलटतपासणी घे.” दोघांचेही म्हणणे चुकीचे नव्हते. पतींना बचावासाठी मिळालेले डिफेंडिंग ऑफिसर तरुण आणि प्रामाणिक होते, पण खुनाच्या खटल्यात उलटतपासणी कशी घेतात हे त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. अशा माणसावर हा भार टाकणारी व्यवस्था मला आजही अन्यायाची वाटते. मी वकीलपत्र ठेवले.

उलटतपासणीचा तो दिवस मला प्रश्नागणिक आठवतो. साक्षीत होता गार्ड कमांडर. मी गोळीबद्दल काहीच विचारले नाही. भिंतीवरच्या घड्याळाबद्दल विचारले. ते कोण मिळवतो? तो म्हणाला, “मॅडम, सेल संपला की बदलतात.” मग मी त्याच संध्याकाळची रेशनच्या गाडीची नोंद त्याच्यापुढे ठेवली. गार्डरूमच्या रजिस्टरात ती गेटबाहेर पडल्याची वेळ १८४२ होती, ड्रायव्हरच्या कार डायरीत १८५०. ही डायरी हाती यायला मला अर्जावर अर्ज करावे लागले होते. वकिलीतल्या माझ्या कुठल्याच कागदाचा मला इतका अभिमान वाटलेला नाही. मग शेवटचा प्रश्न, गोळी ऐकल्यावर ड्यूटी ऑफिसरला किती वेळात कळवले? “लगेच. दोन-तीन मिनिटांत.” ड्यूटी ऑफिसरच्या लॉगमध्ये निरोपाची वेळ २३२१ होती. टंकलेखकाने साक्ष वाचून दाखवली, त्याने ती कबूल केली. म्हणजे गार्डरूमचे घड्याळ आठ मिनिटे मागे होते, गोळी २३१८ च्या सुमारास झाली, आणि तेव्हा पतींचा फोन चालू होता.

कॉल रेकॉर्डला तेव्हाच्या, १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडलेले होते. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर त्याशिवाय असा कागद पुढे ठेवण्यात अर्थ नसतो. प्रॉसिक्युटरने एकदा माझ्याकडे पाहून विचारले, की पलीकडचा नंबर कोणाचा? “माझा,” मी म्हणाले. तो कागदावर होताच. त्यापुढे त्याने काही विचारले नाही. नवऱ्याचे बोलणे सांगायला त्याच जुन्या पुरावा कायद्याचे कलम १२२ मला भाग पाडू देत नव्हते, हे खरे; पण रायफलीचा आवाज म्हणजे काही नवऱ्याचे बोलणे नव्हे, आणि हे त्याच्याही लक्षात आले असावे.

निकाल निर्दोष असा लागला, पण ‘पुष्टीच्या अधीन’. कोर्ट मार्शलचा निर्णय पुष्टी मिळेपर्यंत वैध ठरत नाही, मग तो सुटकेचा का असेना. बाहेर मृत जवानाचा भाऊ उभा होता, आमच्याच साताऱ्याकडचा. तो म्हणाला, “वहिनी, दादांनी मारलं नाही हे पटलं मला. पण त्या वेळी त्यांनी काय ऐकलं, हे तरी सांगा.” मी काही बोलले नाही. पुष्टी देणारा अधिकारी निर्णय एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतो आणि नवा पुरावा घ्यायलाही सांगू शकतो, म्हणून तेव्हा बोलणे योग्य नव्हते. जे त्या भावाला सांगायला हवे होते, ते मी त्या पाच अधिकाऱ्यांपुढेही आणलेले नाही.

पुष्टी अजून आलेली नाही. फेरविचाराचा आदेश आलाच तर वकीलपत्र सोडून साक्षीला उभे राहायचे, असे मी ठरवले आहे. पुढची बाजू सांभाळायला सीनियर तयार झाले आहेत, आणि सगळे कागद मी त्यांच्याकडे देऊन ठेवले आहेत.