दुसऱ्यांदा वाजेल अशी रचना

अमेरिकी संगीतकार कॅरोलाइन शॉला २०१३ साली ‘पार्टिता फॉर एट व्हॉइसेस’ या आठ आवाजांच्या रचनेसाठी संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं तेव्हा ती ३० वर्षांची होती. इतक्या लहान वयात ते आधी कुणालाच मिळालं नव्हतं. पण रचना शिकणाऱ्याने बघायला हवं ते त्याच्या आधीचं. ‘रूमफुल ऑफ टीथ’ हा आठ गायकांचा संच २००९ मध्ये सुरू झाला. शॉ त्यात स्वतः गायची. नॉर्थ अ‍ॅडम्सच्या मास मोका या अमेरिकेतल्या कलासंग्रहालयात संचाचा उन्हाळी मुक्काम असे, तिथे ‘पार्टिता’चे चार भाग सुटेसुटे तयार होत गेले. शेवटी येणारा ‘पासाकाल्या’ हा भाग सगळ्यांत आधी लिहिला गेला. कुणाचा आवाज कुठे फुटतो, कुणाला कुठली करामत साधते, हे तिला शेजारी उभं राहून कळत होतं.

तिचं ‘आंत्राक्त’ २०११ चं, स्ट्रिंग क्वार्टेटसाठी, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो या चौकडीसाठी. जुना संगीतकार हायडन याच्या ओपस ७७ या संचातल्या दुसऱ्या क्वार्टेटचा मिन्युएट (नृत्याच्या चालीचा भाग) ऐकून सुचलेलं. पुढे तेच तिने स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी मांडलं. चार वादकांची रचना फिरते. ऐंशी जणांची बहुतेक वेळा एकदाच वाजते आणि कपाटात जाते. सुरुवातीला क्वार्टेट लिहावं असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे बंदिशीची स्वरलिपी हा सांगाडा असतो, बाकीचं गुरू गळ्यातून देतो. पाश्चात्त्य संगीतात रचनाकार हजर नसतानाही कागदाला बोलावं लागतं. म्हणूनच बरीच रिहर्सल वाया जाते ती पार्टमुळे. पार्ट म्हणजे एका वादकाचा कागद. त्यावर पाच रेषांची उंची ८ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. ७ च्या खाली गेली की स्टँडवरून वाचता येत नाही, आणि ऑर्केस्ट्राच्या तंतुवाद्यांत एका स्टँडवर दोघं वाचतात. पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास अशा क्रमाने १४-१२-१०-८-६ वादक असतील तर त्यांना ७, ६, ५, ४, ३ मिळून २५ प्रती पुरतात.

ए-फोर टाळा, अरुंद पडतो. आपल्याकडच्या डिजिटल प्रिंटिंगवाल्यांकडे १२ बाय १८ इंची कागद असतो. तो मधोमध दुमडला की ९ बाय १२ चं पान मिळतं, बरोबर हवं तेवढं. कागद १०० जीएसएमचा, बिनचकाकीचा. झेरॉक्सच्या पातळ कागदावर मागचे स्वर दिसतात आणि पान उलटताना आवाज होतो. पान उलटायची जागा रेस्टमध्येच, म्हणजे वादक थांबलेला असतानाच यावी. त्यासाठी पानाचा खालचा भाग कोरा सोडावा लागला तरी चालेल. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा आपणहून हे करत नाही, पानं गच्च भरत जातं.

दुसरी फसगत कॉम्प्युटरवर ऐकण्यातून होते. तिथे बासरीचा सर्वांत खालचा स्वर ट्रम्पेटच्या बरोबरीने ऐकू येतो. सभागृहात तो हवेत विरतो. म्यूट, म्हणजे आवाज दबवणारी चिमटी, चढवायला व्हायोलिनवाल्याला दोन-तीन सेकंद लागतात, कॉम्प्युटरला शून्य. काही वाद्यं लिहिलेल्यापेक्षा खाली वाजतात, म्हणून बी फ्लॅट क्लॅरिनेटचा पार्ट एक पूर्ण स्वर वर लिहायचा, एफ हॉर्नचा सा ते प एवढ्या अंतराने वर. हे विसरलं तर पहिल्या बारलाच, म्हणजे स्वरलिपीतल्या पहिल्या खान्यालाच थांबावं लागतं. आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा आकडा हवा, स्कोअरमध्ये (कंडक्टरचा सगळ्या वाद्यांचा एकत्र कागद) आणि पार्टमध्ये तोच. कंडक्टर ‘११२ पासून’ म्हणाला की सगळ्यांचं बोट एकाच जागी पडलं पाहिजे.