अकरा वाजताची न्याहारी आणि कौलारू बेळगाव

बेंगळुरूत नोकरी करणारी माझी भाची गेल्या महिन्यात दोन दिवसांसाठी बेळगावला आली होती. रविवारी सकाळी अंथरुणातूनच ती म्हणाली, "मामा, आज ब्रंचला जाऊ या." आमच्याकडे न्याहारी साडेआठला आणि जेवण एकला, मधल्या वेळेत खाणाऱ्याला पूर्वी खादाड म्हणत, आता त्याला बरे नाव मिळाले आहे. खाण्याआधी गावातून चालायचे, एवढी एकच अट मी घातली.

किल्ल्यातील कमल बस्तीपाशी आम्ही फार थांबलो नाही. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली बांधलेले हे जैन मंदिर, आणि त्याच्या छतातून उमललेले दगडी कमळ, यांची काळजी घ्यायला पुरातत्त्व खाते आहे. माझा जीव अडकतो तो जांभ्या दगडाच्या भिंतींच्या, सागवानी खांबांच्या आणि मंगलोरी कौलांच्या त्या घरांत, ज्यांच्या दारात संरक्षित स्मारकाचा निळा फलक कधीच लागणार नाही.

रिसालदार गल्लीत मात्र भाची रेंगाळली. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद येथे भाटे वकिलांकडे उतरले होते आणि नंतर वन खात्यातील हरिपद मित्र यांच्याकडे राहायला गेले. जेवण झाल्यावर या संन्याशाने पान-सुपारी आणि वर तंबाखूही मागितली, तेव्हा घरची मंडळी चकित झाली, अशी आठवण भाटे वकिलांच्या मुलाने लिहून ठेवली आहे. मला त्या वास्तूबद्दलची ही सर्वांत जवळची गोष्ट वाटते, कारण घर आठवते ते बहुधा तेथे कोण कसे जेवले यावरूनच.

बाजारपेठेत वडील मला ज्या हॉटेलात लोणी डोसा खायला नेत असत, त्याचा पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, रस्तारुंदीकरणात गेला. उरलेल्या भागाला काच लावून तेथे मोबाईलचे दुकान निघाले आहे. वर माडीची लाकडी कठड्याची गॅलरी अजून तशीच आहे, फक्त तिच्यावर जाहिरातीचा पत्रा ठोकला आहे. भाचीला ती दिसण्यासाठी मला तिला रस्त्याच्या पलीकडे न्यावे लागले.

शेवटी कॅम्पमधील एका जुन्या बंगल्यातील कॅफेत बसलो. इंग्रजांनी १८१८ मध्ये किल्ला जिंकला आणि पुढे लष्करी छावणीबरोबर असे रुंद व्हरांड्यांचे बंगले येथे उभे राहिले. या बंगल्याच्या कौलांमध्ये एकच काचेचे कौल बसवलेले होते. त्यातून पडलेला उन्हाचा चौकोन आम्ही आलो तेव्हा भिंतीवर होता, आणि ऑम्लेट संपेपर्यंत तो मिठाच्या डबीपर्यंत आला. चव बरी होती, दर मात्र पेठेतल्या डोशाच्या चौपट. मी कुरकुरणारच होतो; पण मालकांनी सांगितले की दर मे महिन्यात सगळी कौले उतरवून पुन्हा बसवावी लागतात, वानरे उड्या मारून ती फोडतात, आणि शाकारणी जाणणारी माणसे आता मोठ्या मुश्किलीने मिळतात. स्लॅब घातला असता तर हा सगळा त्रास वाचला असता, हे त्यांनाही ठाऊक आहे. बेळगावचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला हा खर्च समजावून सांगावा लागत नाही. पॅनकेकवर कुंदा घालून देण्याची त्यांची कल्पना मात्र मला अजिबात पटली नाही. कुंदा वाटीत घेऊन चमच्याने खावा.

साडेबाराला घरी पोचलो. ब्रंच केले की जेवण वगळायचे असते, हे आम्ही घरी कळवलेच नव्हते. आईने ताटे मांडली होती, आमटीला फोडणी बसत होती, आणि भाचीने एक अक्षरही न काढता हात धुतले.