फोटो न देता घेतलेलं इंजेक्शन

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू करायला तुमचा ‘आधीचा’ फोटो लागत नाही. रक्ताचे रिपोर्ट लागतात, पोटाची सोनोग्राफी लागू शकते, घरात कुणाला कुठला आजार झाला होता ते सांगावं लागतं. तोकड्या कपड्यांत भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागत नाही. कुणी लागतं म्हणालं, तर पर्स उचला आणि निघा. मी निघाले, पण पैसे आधीच भरलेले होते, त्यामुळे प्रकरण लांबलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी मुलुंडला राहते, नोकरी परळला, एका पतसंस्थेत. वय बेचाळीस, उंची १५६ सेंटिमीटर, वजन तेव्हा ८४. माझ्या अंगाबद्दल बोलायची मुभा आमच्याकडे सगळ्यांनाच आहे. बारशाला गेलं की ‘तब्येत झाली हो’, साडी नेसले की ‘आता भरलेली दिसतेस’, दुसऱ्यांदा भात घेतला की सगळी पंगत माझ्या ताटाकडे बघणार. त्याची सवय झालेली आहे. सवय नव्हती ती एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या, ६.३ या आकड्याची. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझ्या वडिलांचा पाय साखरेने गेला. शिवाय सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड टू. भात बंद, चालणं, जिरेपाणी, रात्रीचं जेवण सातला, हे सगळं वर्षानुवर्षं करून झालं होतं. वजन पाच किलो उतरायचं, गणपतीपर्यंत परत यायचं. फॅमिली डॉक्टर म्हणाले, ‘आता नवीन इंजेक्शनं आली आहेत, एकदा विचारून तर या.’

२०२५ हे वर्षच त्या इंजेक्शनांचं होतं. मार्चमध्ये माउंजारो आलं, जूनमध्ये वेगोव्ही. ऑफिसात डबा खाताना दुसरा विषय नसायचा. आमच्याकडे नव्याने लागलेली एक मुलगी, जेमतेम अठ्ठावन्न किलोची, तीही किंमत विचारत होती.

मी सरळ डॉक्टरकडे जायचं सोडून एका क्लिनिकमध्ये का गेले, तर ते शनिवारी उघडं असायचं. पश्चिम उपनगरात, काचेचं दार, आत लॅव्हेंडरचा वास. अपॉइंटमेंट घेतानाच तपासणीचे आणि ‘असेसमेंट’चे पैसे ऑनलाइन भरून घेतात. काउंटरवरच्या मुलीने टॅब हातात दिला. त्यातला फॉर्म मी जन्मात विसरणार नाही. नाव, वय, फोन. मग ‘ध्येय वजन’. मग ‘ध्येय तारीख’. मग ‘निमित्त’, आणि त्याखाली पर्याय: लग्न, साखरपुडा, सुट्टी, रियुनियन, इतर. साखर, थायरॉइड, स्वादुपिंड, पित्ताचे खडे, गरोदरपण यातलं एकही नाव पहिल्या तीन पानांत नव्हतं. मी ‘इतर’वर बोट ठेवलं आणि पुढच्या चौकटीत ‘लिव्हर’ असं लिहिलं. मुलगी म्हणाली, ‘मॅम, इथे ऑकेजन लिहायचंय.’

वजनकाटा पॅसेजमध्ये, सोफ्यांच्या समोर. मी काट्यावर असताना दुसऱ्या मुलीने आकडा मोठ्याने सांगितला, कारण लिहून घेणारी काउंटरपलीकडे बसली होती. सोफ्यावर एक आई आणि लेक. लेक माझ्या निम्मी असेल. आई मला म्हणाली, ‘हिचं मे महिन्यात कार्य आहे, फक्त सहा किलो उतरवायचेत.’ लेक मान खाली घालून मोबाइल बघत होती. हे औषध बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) तीसच्या वर असेल तर, किंवा सत्तावीसच्या वर आणि सोबत रक्तदाब-साखरेसारखा काही त्रास असेल तर द्यायचं असतं. माझा साडेचौतीस होता. त्या मुलीचा बावीससुद्धा नसावा. तिच्या आईला सांगायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मला आतल्या खोलीत नेलं. राखाडी भिंत, जमिनीवर पावलांचे स्टिकर, एक गोल दिवा. हातात काळी शॉर्ट आणि बिनबाह्यांचा बनियन दिला. समोरून, बाजूने, पाठीमागून असे फोटो. मी विचारलं, कशाला?

‘प्रोग्रेस ट्रॅक करायला.’

‘ते वजन आणि रिपोर्ट सांगतील ना.’

‘मॅम, सगळ्या देतात.’

‘मी नाही देणार. डॉक्टरांना बोलवा.’

डॉक्टर ऑनलाइन होते. त्यांच्यापर्यंत फाइल जायला फोटो अपलोड व्हायला हवा, नाहीतर सिस्टिम ‘नेक्स्ट’ दाबू देत नाही. म्हणजे माझी साखर किती आहे हे कळण्याआधी डॉक्टरांना माझी पाठ बघायची होती! मी म्हटलं, भिंतीचा फोटो टाका. मुलगी हसली, बिचारी, तिचा काही दोष नाही. तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर आल्या, ‘ताई’ म्हणाल्या, पाणी दिलं, आणि चेहरा ब्लर करू म्हणाल्या. मी टॅबवरची संमती वाचायला घेतली. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, आणि मधल्या परिच्छेदात ‘प्रशिक्षण व प्रचार’ हे दोन्ही शब्द. त्यावर सही केली की पॅकेजमध्ये सवलतही होती. आता कळलं की बाहेरच्या भिंतीवरच्या ‘आधी-नंतर’ फोटोंतल्या बायका कुठून आल्या. डाव्या बाजूला उतरलेला चेहरा, उजवीकडे लिपस्टिक.

मॅनेजरबाईंना मी जे सांगितलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे. डॉक्टरांसाठी २००२ सालचे आचारसंहितेचे नियम आहेत. त्यानुसार ओळख पटेल असा पेशंटचा फोटो परवानगीशिवाय छापता येत नाही. त्याच नियमांत असंही आहे की पेशंटने आपले वैद्यकीय कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे. आणि लठ्ठपणा औषधाने बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने मनाई आहे, त्या यादीत लठ्ठपणाचं नाव आहे. हे सगळं मी आदल्या रात्री वाचून गेले नव्हते. तिथेच सोफ्यावर बसून, त्यांच्याच वायफायवर वाचलं. वेळ भरपूर होता, कारण मला ‘पाच मिनिटं’ म्हणून बसवून ठेवलं होतं आणि तेवढ्यात आई-लेक आत जाऊन बाहेरही आल्या. लेकीच्या हातात पिशवी होती.

बसल्या बसल्या आणखी एक लक्षात आलं. काट्यावर उभी असताना त्या मुलीने मोबाइल वर धरला होता. मी जाऊन विचारलं, माझा फोटो काढलास का? ‘रेकॉर्डसाठी फक्त एक.’ माझ्यासमोर डिलीट करायला लावला. मग ‘नुकतेच डिलीट केलेले’ हा फोल्डर उघडायला लावला आणि तिथूनही काढायला लावला. ही पायरी विसरू नका, त्या फोल्डरमध्ये फोटो महिनाभर बसलेला असतो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर गेलाय का तेही बघितलं. माझा आवाज चढला होता हे खरं. चढायलाच हवा होता.

पैसे मात्र ‘नॉन-रिफंडेबल’. डॉक्टरांची तपासणी झालीच नाही तरी. मी घरी येऊन ईमेल केला: फोटो नाकारल्यामुळे डॉक्टरांची भेट नाकारली, पैसे परत करा, आणि शरीरातल्या चरबीचं जे मशिन-मोजमाप केलंत त्याचा कागद द्या. फोनवर बोलणं पूर्ण बंद केलं, त्यांचे फोन आले की ‘ईमेल करा’ एवढंच. कागद आला, पैसे नाहीत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथे तक्रार नोंदवून क्रमांक घेतला आणि तो क्रमांक ईमेलच्या विषयातच टाकला. त्यानंतर त्यांची भाषा बदलली. पैसे आले, ‘प्रोसेसिंग’ कापून. तेवढ्यासाठी आणखी भांडायची ताकद नव्हती. माझा डेटा काढून टाका म्हणून विचारलं त्याला आजतागायत उत्तर नाही. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण त्यातल्या मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून अठरा महिने दिलेत. तोवर मला त्यांचे ‘हाय ब्युटिफुल’ असे मेसेज येत राहणार.

पुढचं सगळं इतकं सरळ झालं की सांगण्यासारखं फार नाही. परळलाच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टर, बाई भेटल्या. वजनकाटा पडद्यामागे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर? मेड्युलरी प्रकारचा असेल तर हे औषध देत नाहीत. मग स्वादुपिंडाला कधी सूज, पित्ताचे खडे, मूल हवंय का. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्हीतलं औषध, किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. किती किलो उतरेल विचारलं, तर म्हणाल्या, मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के उतरलं होतं, आणि बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं होतं. ‘हे बीपीच्या गोळीसारखं समजा. चार महिन्यांचा कोर्स नाही.’ हे वाक्य त्या काचेच्या दाराआड कुणी उच्चारलं नव्हतं.

डिसेंबरात वेगोव्ही सुरू केलं, आठवड्यातून एकदा, ०.२५ मिलिग्रॅमपासून. नोव्हेंबरात किंमत उतरली होती, तरी पहिल्या महिन्याचं पेन, म्हणजे पेनासारखं इंजेक्शन, १०,८५० रुपयांना. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये यातला एक रुपयाही बसत नाही. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांची इंजेक्शनं बऱ्याच स्वस्तात आली, आणि डॉक्टरांनी मला त्यातल्या एकावर नेलं. ते स्वतःच्या मनाने बदलू नका.

काही गोष्टी आठवतील तशा सांगते. पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीझरला चिकटून मात्र नाही, गोठलं तर फेकायचं. केमिस्ट बर्फाची पिशवी देतो, ती थेट पेनला लागू देऊ नका, मध्ये रुमाल ठेवा. बिलावर बॅच नंबर लिहून घ्या, बिल नाही म्हणाला तर दुसरा केमिस्ट बघा. मी दादरहून मुलुंडपर्यंत लेडीज डब्यात ती पिशवी मांडीवर घेऊन येते. इंजेक्शन शुक्रवारी रात्री घेते. रविवारी घेतलं तर सोमवारी सकाळच्या गर्दीत मळमळ, आणि दादरला उतरल्यावर तळणाचा वास आला की संपलंच. डोस वाढला की पहिला आठवडा त्रासाचा असतो. बद्धकोष्ठाला इसबगोल. संकष्टीचा उपास मी सोडला, कारण साबुदाण्याने पोट भरतं आणि प्रोटीन जात नाही, आणि या औषधावर चरबीबरोबर स्नायूही उतरतात. मोड आलेली मटकी, अंडी, सुकट, पनीर, जे जाईल ते आधी खायचं, पोळी नंतर. सासूबाईंना हा क्रम पटलेला नाही. कुठलंही ऑपरेशन किंवा भूल असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. आणि माउंजारो घेणार असाल आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर हे डॉक्टरांना जरूर सांगा, त्या गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो.

वजन आता ७५, एचबीए१सी ५.८. आधी ‘भरलेली’ म्हणणाऱ्या मावशी परवा हळूच विचारत होत्या, ‘किती उतरलीस ग, सगळं ठीक आहे ना घरी?’ चेहरा ओढल्यासारखा दिसतो, केसही गळले थोडे. मला लिव्हरचा रिपोर्ट दाखवायची फार इच्छा होते अशा वेळी, पण तो कुणी बघायला मागत नाही.

सुयांचं राहिलं. त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हाताला लागतात. मी तेलाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवते. महापालिकेने २०२५ पासून सॅनिटरी आणि अशा विशेष कचऱ्यासाठी वेगळी सोय सुरू केली आहे, पण सोसायटीला नोंदणी करावी लागते. सेक्रेटरींकडे गेले तर म्हणाले, ‘इन्सुलिनच्या का वहिनी?’ म्हटलं, नाही, वजनाच्या. नोंदणी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेसचा फोन: किती किलो उतरतं आणि त्या क्लिनिकचा नंबर काय. मी त्यांना आधी एचबीए१सी आणि लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) करून या म्हटलं, आणि परळच्या डॉक्टरांचा ओपीडीचा वार दिला.