चौथ्या बोल्टची फट

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून गेली नाही म्हणून लिहून काढतोय. मुंबईत रे रोडला आमचं फायबरचं वर्कशॉप आहे, वडिलांनी सुरू केलेलं. कोळ्यांच्या होड्यांचं पॅचिंग हे मुख्य काम, बाकी पाण्याच्या टाक्या, टेम्पोचे बंपर, गणपतीच्या आधी मंडळांच्या डेकोरेशनचे पीस, जे येईल ते. जूनमध्ये एक जण आपल्या १४ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाच्या हातात फायबरची सीट, बादलीसारखी खोल, वर डावीकडे जिथे बोल्ट बसतो तिथून तडा गेलेली. म्हणाले, "दादा, गो-कार्टची आहे, पोरगा रेस करतो. नवीन यायला वेळ लागेल, ही होईल का?" मी म्हटलं होईल की. आणि केली, होडीला करतो तशीच केली, तडा घासला, वरून ४५० ग्रॅमच्या मॅटचे, म्हणजे काचेच्या तुटक तंतूंच्या चटईचे, चार थर, त्यावर जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत रंगाचा थर. दगडासारखी टणक झाली. आमच्या होडीच्या कामात हीच सवय लागते, जिथे फुटलं तिथे जाड कर.

पाच आठवड्यांनी बुधवारी सकाळी, बाहेर धो धो पाऊस, तेच दोघं परत दारात. सीट तीच. तडा आता माझ्या पॅचच्या कडेला लागून गेलेला, पट्टी ठेवून रेघ मारावी तसा सरळ. पॅचला काही म्हणजे काही झालं नव्हतं, त्याच्या शेजारचं मूळ फायबर फुटलं होतं.

वडील काही बोलले नाहीत, पण मुलगा म्हणाला, "काका, आता आधीपेक्षा जास्त लागतं," आणि त्याने टीशर्ट वर केला. डाव्या बरगड्यांवर, काखेच्या वीतभर खाली, जांभळा डाग, कडेने पिवळा पडत चाललेला, आणि मधोमध एक गडद गोल, बरोबर बोल्टच्या डोक्याएवढा. हे लोक आत बरगड्यांसाठी पॅडचं जॅकेट घालतात, ते घालूनसुद्धा हे. माझा मुलगा साधारण त्याच्याच वयाचा आहे, मला ते बघून कसंतरीच झालं.

सीट टेबलावर घेतली आणि नाण्याने ठोकून बघायला लागलो. ही पद्धत माझ्या वडिलांची, फायबर धड असेल तर टक टक असा स्वच्छ आवाज येतो आणि आतून थर सुटले असतील तिथे डब डब, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. जूनमध्ये मी तड्यापुरतंच बघितलं होतं. आता बोल्टच्या भोकाभोवती तळहाताएवढा भाग डब डब बोलत होता. भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं, आणि आजूबाजूचं फायबर दुधासारखं पांढरं पडलेलं, त्यात केसासारख्या बारीक रेषा. एकदा आपटून असं होत नाही. तार सारखी वाकवत राहिलं की जशी तुटते तसं हे पुन्हा पुन्हा वाकून थकलेलं फायबर होतं.

मग मी ते विचारलं जे जूनमध्येच विचारायला हवं होतं, की ही बसवता कशी? मला गाडी बघायचीय.

गाडी छोट्या हत्तीतून यायला दुपार झाली, तोपर्यंत मुलानेच मला समजावलं आणि काय समजावलं त्याने! कार्टला सस्पेन्शन नसतं, एक स्प्रिंग नाही, शॉकअप नाही, नुसती पाईपची फ्रेम. आणि मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही. बैलगाडीची चाकं आसावर सुटी फिरतात, इथे आसासकट फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं आणि आतल्याला कमी, पण दोघं बांधलेले, मग एकाला घासत जावं लागतं. आमच्याकडे डॉकयार्ड रोडवरून सँडहर्स्ट रोडकडे वळताना लोकल जी किंचाळते ना, तिचीही चाकं अशीच आसाला जखडलेली. कार्टवाल्यांनी यावर उपाय काढलाय तो म्हणजे वळणावर आतलं मागचं चाक जमिनीवरून जरासं उचललं जाईल अशी गाडी बनवायची. ते उचलायला फ्रेम पिळली गेली पाहिजे. आणि सीट चार जागी बोल्टने फ्रेमला बांधलेली, दोन खाली पाईपांवर, दोन वर आसाजवळून येणाऱ्या दांड्यांवर, आणि कार्टमधलं सगळ्यात मोठं वजन म्हणजे ड्रायव्हर, तो सीटमध्ये. म्हणजे सीट पण पिळली जाणार, वाकणार आणि परत जागेवर येणार. ती खुर्ची नाहीच, ती त्या गाडीची स्प्रिंग आहे. आणि मी त्या स्प्रिंगच्या एका कोपऱ्यात दगड बसवून दिला होता. पॅच वाकेना, मग सगळं वाकणं त्याच्या कडेला जाऊन साठलं.

मुलगा हे बोलताना इतका रंगला होता. जेहान दारुवाला आपल्या मुंबईचाच आणि तोही कार्टिंगमधूनच वर गेला, २०२० मध्ये बहरीनमधल्या साखीरला फॉर्म्युला टू ची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची, रेस जिंकणारा पहिला भारतीय, हे त्याने मला दोनदा सांगितलं. मी रात्री घरी जाऊन वाचत बसलो तर कळलं की पहिलं कार्ट १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने बनवलं, रेसिंग कारच्या कारखान्यात कामाला होता तो, आणि इंजिन लावलं होतं गवत कापायच्या मशीनचं. मला हे फार आवडलं, वर्कशॉपमधल्या माणसाने हाताशी होतं त्यातून बनवलेली वस्तू आहे ही.

तर गाडी आली, सोबत त्यांचा मेकॅनिक. मोल्डसाठीचं आमचं लोखंडी टेबल आहे, लेव्हल केलेलं, त्यावर फ्रेम ठेवली. मी म्हटलं बोल्ट एकही लावू नका, नुसती सीट ठेवा. ठेवली. खालचे दोन कान, म्हणजे पाईपांवरच्या बोल्टच्या पट्ट्या, बरोबर टेकले, वर उजवीकडचा दांडा पण टेकला, आणि वर डावीकडे सीट आणि दांडा यांच्यामध्ये माझी करंगळी आरामात आत गेली. व्हर्नियर लावला तर ९ मिलिमीटर.

मेकॅनिक म्हणाला, "बोल्ट टाईट केला की बसते ती, भाऊ." हो, बसते. ९ मिलिमीटर खेचून बसते. म्हणजे गाडी ट्रॅकवर जायच्या आधीच, मुलगा आत बसायच्याही आधी, ती सीट त्या एका कोपऱ्यात चोवीस तास वाकवून ठेवलेली, आणि फ्रेमसुद्धा एका बाजूला ताणलेली. मुलाच्या वडिलांनी आठवून सांगितलं की फेब्रुवारीत मागून एकाने ठोकलं होतं, तेव्हापासून डावीकडचं वळण एक वागतं आणि उजवीकडचं वेगळं. दांडा तेव्हाच वाकला असणार. कोणाच्या लक्षात आलं नाही कारण बोल्ट लागत होता. मेकॅनिक गप्प झाला, मग त्याने स्वतःच सीटच्या मागे बोट दाखवलं. पोरगा हलका आहे म्हणून नियमातलं वजन भरायला शिशाच्या दोन पट्ट्या लावलेल्या, त्याच डाव्या कोपऱ्याच्या खाली. सगळं ओझं एकाच जागी!

शनिवारी कोल्हापूरच्या ट्रॅकवर प्रॅक्टिस होती, शुक्रवारी रात्री निघायचं. मी बाकीची कामं बाजूला सारली.

आधी माझाच पॅच ग्राइंडरने पूर्ण काढला, डब डब बोलणारं सगळं काढलं, धड फायबर लागेपर्यंत. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक मारलं म्हणजे तडा तिथेच थांबतो, पुढे धावत नाही. मग कडा उतरत्या घासल्या, जाडीच्या बारा पट लांब उतार. सीट ४ मिलिमीटरची, म्हणजे चारी बाजूंनी जवळपास ५ सेंटिमीटर. हे करायला वेळ लागतो आणि अंगभर खाज सुटते, पण जुन्या आणि नव्याची गाठ इथेच पडते, इथे घाई केली की पुढचं सगळं वाया.

या वेळी कापड भिजवायला पॉलिएस्टर रेझिन घेतलं नाही, इपॉक्सी घेतलं, कारण जुन्या सुकलेल्या फायबरला इपॉक्सी जास्त चांगलं धरतं. आणि मॅट पण नाही, विणलेलं कापड, २०० ग्रॅमचं. मॅटचे तंतू ज्या गोंदाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत तसा विरघळत नाही, मॅट नीट भिजतच नाही. पावसाळ्यात कापड दमट होतं म्हणून आधी ते हॅलोजनच्या दिव्याखाली तासभर सुकवलं. इपॉक्सी घट्ट करणारं हार्डनर वजनकाट्यावर मोजून, अंदाजाने नाही. पहिला तुकडा छोटा, पुढचा त्याहून मोठा, असे पायऱ्यांसारखे थर, प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवा काढायची, आणि मूळ जाडी आली की थांबायचं. हात आपोआप पुढच्या तुकड्याकडे जात होता, वीस वर्षांची सवय आहे, पण थांबलो. जुनं लांबट भोक कापलेल्या तंतूंच्या पुट्टीने पूर्ण बुजवून टाकलं. रात्रभर हॅलोजन लांब ठेवून ऊब दिली. सकाळी वर मेणचट थर आला होता, दमट हवेत इपॉक्सीवर येतो तो, पाणी आणि घासणीने धुवून काढला.

गुरुवारी दिवसभर सीट सुकत होती तेव्हा मेकॅनिकने दांडा सरळ केला, लांब पाईप घालून, थोडं वाकव, सीट ठेवून बघ, काढ, परत वाकव, असं बहुतेक पंधरा वेळा. घाई केली नाही त्याने, मानलं मी. शेवटी २ मिलिमीटर राहिले ते स्पेसरने भरले. मी नागदेवीला जाऊन बोल्ट आणले, ८ मिलिमीटरचे, चपट्या डोक्याचे सीएसके, म्हणजे डोकं आत बसतं आणि बरगडीला टोचत नाही, हादऱ्याने सैल न होणारे नायलॉक नट, रबराचे वॉशर. वरच्या दोन बोल्टसाठी ॲल्युमिनियमच्या गोल चकत्या कापल्या. एफआयए, म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना, तिच्या नियमात वरच्या जोडांना निदान ४० मिलिमीटर व्यासाची आणि दीड मिलिमीटर जाडीची प्लेट सांगितलीय, मी ५० च्या केल्या. आधी काय होतं तिथे, तर साधा वॉशर, चार आण्याएवढा. सगळा भार त्या चार आण्यावर.

शुक्रवारी दुपारी मुलाला सूट आणि बूट घालून आत बसवलं. कंपनीने दिलेली मापं मेकॅनिककडे होती, आसापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत, पुढच्या आडव्या पाईपपासून सीटच्या पुढच्या कडेपर्यंत, आणि सीटचा तळ फ्रेमच्या खालच्या पाईपच्या रेषेत. इंजिन उजवीकडे असतं म्हणून सीट थोडी डावीकडे सरकलेली असते, तेही माप आहे. आसाला सीट कुठे टेकत नाही ना ते चाक हाताने फिरवून बघितलं, फिरता आस फायबरला करवतीसारखा कापतो. मग मार्करने नवीन भोकांच्या खुणा केल्या, मास्किंग टेप, मागे प्लायचा तुकडा, आधी बारीक ड्रिल मग ८ चं, हळू.

बोल्ट लावताना पाना मी खिशात ठेवला. चारही बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेले पाहिजेत असं ठरवलं होतं. तीन गेले. चौथा, वर डावीकडचा, मुलाला लावायला दिला. त्याने तो धरला, फिरवला, आणि तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. "काका, अडकलाच नाही!" असं म्हणून तो वडिलांकडे बघत राहिला. मग चारही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे घट्ट केले. शिशाच्या पट्ट्या वेगवेगळ्या करून तळाशी दोन्हीकडे वाटल्या, प्रत्येकीला दोन दोन बोल्ट.

शनिवारी माझं कामात लक्ष नव्हतं. दुपारी तीनला मुलाच्या वडिलांचा फोन आला, म्हणाले दोन्हीकडची वळणं सारखी वागतायत, पोरगा हसतोय. मी म्हटलं ते ठीक आहे, सोमवारी सीट मला दाखवा.

सोमवारी शाळा सुटल्यावर आले. मी टीशर्ट वर करायला सांगितलं, जुना डाग फिकट झाला होता, नवीन काही नव्हतं. मग मी गल्ल्यातून दोन रुपयाचं नाणं काढून मुलाच्या हातात दिलं. त्याने वर डावीकडून सुरुवात केली, कान जवळ नेऊन, टक टक, टक टक, पॅचवर तोच आवाज, कडेवर तोच, पॅचच्या बाहेर तोच. पाठीवरून उजवीकडे गेला, मग खाली, आणि उजवीकडच्या खालच्या बोल्टपाशी थांबला. परत ठोकलं.

"काका, इथे जरा वेगळं वाटतंय."

मी ठोकून बघितलं, खरंच किंचित वेगळं होतं. बोल्ट उघडला तर रबराचा वॉशर एका बाजूला चपटा होऊन चिरला होता, फायबरला काही नव्हतं. ड्रॉवरमधून नवीन वॉशर काढला आणि बोल्ट त्यालाच लावायला दिला.