काकांचं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर साफ करताना

काका गेल्यावर त्यांचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर वारसाहक्कानं माझ्या परवान्यावर चढलं. कागदपत्रं पुरी होईपर्यंत ते विक्रेत्याकडे जमा होतं, त्याआधी बरीच वर्षं कपाटात, चामडी म्यानात. ताब्यात आलं तेव्हा नळीवर तपकिरी ठिपके होते आणि सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या, तोंडाला काळा थर.

स्टेनलेसला गंज चढत नाही, हा समज चुकीचा. हत्याराला कडक करता येणारं स्टील लागतं. ते आपल्या ताटवाट्यांच्या स्टीलपेक्षा गंजाला लवकर बळी पडतं. सोलापूरची हवा कोरडी असली तरी वैशाखात हाताला घाम सुटतोच. घामातलं मीठ आणि चामड्यात मुरलेला ओलावा मिळून हे ठिपके पडतात. म्हणून म्यान फक्त बाहेर नेताना, ठेवताना कधीच नाही.

ओळखीच्या एकानं सुचवलं, चांदी उजळणाऱ्याकडून बफिंग मारून घे, लखलखीत होईल. मी साफ नकार दिला. शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. हत्यार असं कुणाच्याही हाती देता येत नाही. शिवाय बफिंगचं चाक कडा गोल करतं आणि कोरलेली अक्षरं पुसट करतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार हत्यारावरचा क्रमांक खोडणं वा बदलणं हा गुन्हा आहे. म्हणून कामाला बसण्याआधी क्रमांकावर आणि कंपनीच्या छापावर चिकटपट्टी लावली.

त्याच्याही आधी सिलिंडर उघडून काडतुसांची सगळी घरं डोळ्यांनी पाहिली, बोटानं चाचपली. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. यात मी कुणाचीही घाई चालू देत नाही.

खरा वेळ गेला तो साफसफाईत. नळीत आणि प्रत्येक घरात मळ सुटवणारं सॉल्व्हंट सोडून थोडं थांबलो, मग पितळी ब्रश, मग कोरडी चिंधी, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत. ब्रशचा गज नळीच्या तोंडाच्या कडेला घासू द्यायचा नाही. ती कड झिजली की नेम बिघडतो. रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली जळक्या दारूचे कण दडलेले असतात. त्यामुळे चांदणी नीट बसत नाही आणि सिलिंडर अडकत फिरतो. तिथं जुना टूथब्रश फार उपयोगी पडला. सिलिंडरच्या तोंडाचा काळा डाग मी पूर्ण काढला नाही. पहिल्या गोळीबारात तो परत येणारच, त्यासाठी धातू खरवडायचा कशाला?

ठिपक्यांवर तेल लावून पितळी ब्रश फिरवला, बहुतेक निघाले. लोखंडी काथ्या वापरू नका. त्याचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तेच पुढे गंजतात. उरलेल्या ठिकाणी मऊ कापडावर थोडंसं मेटल पॉलिश घेतलं. माझ्या नळीवर बारीक उभ्या रेघांचं मूळ फिनिश आहे, म्हणून हातही त्याच दिशेनं चालवला. आडवा हात मारला की ओरखडे उठून दिसतात. घोडा, चाप आणि आतल्या खाचांना पॉलिश लावलं नाही. तिथं जरा जरी धातू गेला तरी घोडा भलत्या वेळी सुटू शकतो.

पॉलिशचा अंश राहू नये म्हणून सगळं पुसून घेतलं. शेवटी मशीन ऑइलचा पातळ हात दिला. यंत्रमागांच्या गावात ते कुठंही मिळतं. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. नळीवर दोन बारीक खड्डे राहिलेत. ते घालवायला बराच धातू काढावा लागला असता, म्हणून तसेच ठेवले.