पारावरचे भारूड

आज संध्याकाळी पैठणमध्ये आमच्या वस्तीतील बावीस मुलामुलींनी मारुतीच्या पारासमोर भारूड सादर केले आणि महिनाभर त्यांच्यासाठी पेटी वाजवणारी मी अजूनही त्या आनंदातच आहे. ज्या गावात संत एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्या मुखातून अध्यात्म सांगितले आणि 1599 मध्ये देह ठेवला, त्याच गावातील मुलांना भारूड केवळ पाठ्यपुस्तकातून माहीत असावे, याचे मला फार वाईट वाटत असे.

तालमीच्या सुरुवातीला आम्हा मोठ्यांचीच एक चूक झाली. भजनी मंडळातील काकांच्या सवयीची काळी एक पट्टी (म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर ‘सा’ मानून गाणे) आम्ही धरली आणि मुलांचे आवाज खालच्या सुरांत हरवू लागले. पट्टी वर, काळी चारवर नेताच तीच मुले मोकळ्या गळ्याने गाऊ लागली. भारुडात एक जण पुढे गातो आणि मागचे सगळे ध्रुपद उचलतात, त्यामुळे एकट्याने गाण्याची भीती वाटणाऱ्या मुलालाही तेथे हक्काची जागा मिळते. तिसरीतील एक मुलगी पंधरा दिवस नुसते टाळ वाजवत होती (तिला घरी नेऊ का, असे तिच्या आईने दोनदा विचारलेही होते). आज पुढे गाणारा मुलगा ओळ विसरला, संबळ वाजवणारा ताल धरून थांबला, आणि ती ओळ तिने मागून खणखणीत आवाजात उचलली. तो तिच्याकडे वळला आणि पुढचे कडवे दोघांनी मिळून पूर्ण केले.

उद्या भजनी मंडळाचे टाळ परत करायचे आहेत. तिलाच सोबत नेणार आहे.